काकी म्हणजे पाय: इंडोनेशियात मुलांबरोबर काम करायला निघालेल्यांसाठी

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी होते, तर पांढरे सदरे आणि लाल चड्ड्या-स्कर्टांची एक रांग माझ्याकडे आली. पहिल्या मुलाने माझा उजवा हात धरला, वाकला आणि हाताची पाठ कपाळाला टेकवली. मला वाटलं, याला काही दाखवायचंय. मग दुसरी मुलगी, तिसरा मुलगा. सातव्या-आठव्या पोरापर्यंत उजेड पडला की हा नमस्कार आहे. याला तिथे 'सालिम' म्हणतात. माझ्यासोबत आलेल्या ओहायोच्या मुलीने प्रत्येकाशी जोरदार हस्तांदोलन करायला घेतलं; दोन-तीन पोरांची नाकं तिच्या अंगठ्यावर आपटली. तर पहिला धडा तोच: हात सैल सोडायचा आणि मागे ओढायचा नाही.

मी मूळची सांगलीची. न्यू जर्सीत 26 वर्षं काढली, पासपोर्ट अमेरिकन झाला, आणि 52 व्या वर्षी नोकरीतून रजा घेऊन जावा बेटावर योग्याकार्ताच्या दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यातल्या एका गावात 10 महिने राहिले. सकाळी प्राथमिक शाळेत मदत, दुपारी गावच्या वाचनालयात मुलं. परत आल्यापासून ओळखीपाळखीतून फोन येतात: 'मुलीला जायचंय, काय काय लागतं?' दर वेळी तेच सांगून घसा कोरडा पडला, म्हणून हे लिहून काढलं. यातलं बरंचसं जावातलं आहे. बाली, फ्लोरेस, पापुआ ही वेगळीच दुनिया. तिथे जाणाऱ्यांनी तिथल्या माणसांना विचारावं.

काम निवडताना

गूगलवर शोधलंत की सगळ्यात आधी अनाथाश्रम समोर येतात. तिथे त्यांना 'पांती आसुहान' म्हणतात. दोन आठवडे या, मुलांना प्रेम द्या, फोटो काढा, पैसे भरा. माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. सेव्ह द चिल्ड्रन, युनिसेफ आणि तिथलं समाजकल्याण खातं यांनी मिळून केलेली एक पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की या संस्थांमधल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतं. घरची परिस्थिती नसते, शाळेचा खर्च झेपत नाही, म्हणून मूल तिथे ठेवलेलं असतं. अशा मुलाला दर पंधरा दिवसांनी नवी ताई-दादा मिळणार, लळा लागणार आणि ती विमानात बसून निघून जाणार. मोठं माणूससुद्धा यात कोलमडेल. एका संस्थेने मला फोनवर सांगितलं, 'काही अनुभव नको, मन मोठं हवं.' मी फोन ठेवला.

शाळा, बालवाडी किंवा गावचं वाचनालय बघा. बालवाडीला तिथे 'पाउद' म्हणतात. वाचनालयाचं नाव 'तामान बाचाआन', म्हणजे वाचनाची बाग. अशा ठिकाणी मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. संस्थेला तीन प्रश्न विचारा. माझा पोलिसांचा दाखला मागणार का? मुलांसोबत मला एकटं सोडणार का? मी नसताना हे काम कोण करतं? पहिल्याचं उत्तर 'हो' हवं, दुसऱ्याचं 'नाही'. तिसऱ्याला 'कोणीच नाही, म्हणून तर तुम्ही हव्यात' असं म्हणाले, तर तुमच्या मागे तो वर्ग बंद पडणार हे समजून चला. अमेरिकेत असाल तर दाखला एफबीआयकडून मिळतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ हाताशी ठेवा.

दोन वर्षं देता येत असतील आणि अमेरिकन नागरिकत्व असेल तर पीस कोअरचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेचा, विचार करा. ते इंडोनेशियात 1963 मध्ये आले, 1965 मध्ये गुंडाळलं, आणि 2010 मध्ये पूर्व जावातून पुन्हा सुरुवात केली. आधी तीन महिने भाषा शिकवतात, गावातल्या कुटुंबात ठेवतात, मग शाळेत स्थानिक शिक्षकाच्या जोडीला इंग्रजी शिकवायला देतात. वयाला वरची मर्यादा नाही. निवृत्त मंडळी, ऐकताय ना?

कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. विमानतळावर 5 लाख रुपियाह भरून 30 दिवसांचा व्हिसा मिळतो (घाबरू नका, डॉलरला साधारण 16 हजार रुपियाह मिळतात). तो एकदाच आणखी 30 दिवस वाढवता येतो. पण तो फिरायला आलेल्यांचा आहे. 'पगार नाही, मग काम कसलं?' हा आपला युक्तिवाद इमिग्रेशनसमोर चालत नाही. बिनपगारी शिकवणंही कामच धरतात. 2011 च्या इमिग्रेशन कायद्यात परवान्याचा गैरवापर हा गुन्हा आहे, आणि माणसांना परत पाठवलेलं मी पाहिलंय. स्वयंसेवेसाठी वेगळा व्हिसा असतो. त्याला तिथल्या संस्थेची हमी लागते, आणि अर्ज इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावरून होतो. हमी द्यायला का-कू करणारी संस्था असेल तर दुसरी बघा. पासपोर्ट किमान सहा महिने चालू असला पाहिजे. मुदत उलटून राहिलात तर दर दिवशी 10 लाख रुपियाह दंड.

फोनचंही एक लचांड आहे. बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवलेला नसेल तर तिथलं सिम काही काळाने बंद पडतं. विमानतळावरून बाहेर पडण्याआधीच कस्टमच्या टेबलावर नोंदवून टाका. मी 'नंतर बघू' म्हटलं, आणि मग आठवडाभर ज्यांच्या घरी राहत होते त्या बाईंच्या मुलाच्या फोनवरून घरी बोलले. चार्जरची मात्र काळजी नको: वीज आपल्यासारखी 220-230 व्होल्ट, आणि भारतातली दोन गोल पिनांची पिन बहुतेक ठिकाणी बसते. अमेरिकेतलं केस वाळवण्याचं यंत्र मात्र नेऊ नका, धूर निघेल.

भाषा: अर्धी येतेच

बाहासा इंडोनेसिया रोमन लिपीत लिहितात आणि जशी लिहितात तशी वाचतात. फक्त 'सी' दिसला की 'च' म्हणायचं. क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही. अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा: 'आनाक' म्हणजे मूल, 'आनाक-आनाक' म्हणजे मुलं. मराठी माणसाला तर हा प्रदेश निम्मा ओळखीचा वाटतो. बाहासा, गुरु, नामा, वर्ना, रासा, देसा, मानुसिया, सुआमी (नवरा), इस्त्री (बायको), कारेना (कारण), पेर्तामा (प्रथम), पुआसा (उपवास), काचा (काच). साबणाला 'साबुन', टोपीला 'तोपी', आणि पोर्तुगीजांच्या कृपेने मेजाला 'मेजा'.

याच ओळखीवर घसरगुंडीही आहे. 'काकी' म्हणजे पाय. 'माता' म्हणजे डोळा. 'सुसु' म्हणजे दूध, आणि पहिल्या आठवड्यात एका चिमुरडीने 'मला सुसु' म्हटल्यावर मी तिला उचलून संडासाकडे पळाले होते. पण कहर झाला तो व्हिडिओ कॉलवर. माझ्या धाकट्या बहिणीचं घरातलं नाव बाबी. वाचनालयाच्या ओसरीवर बसून मी फोनमध्ये हाक मारली, 'बाबी! अगं बाबी!' आणि सगळी पोरं चिडीचूप. 'बाबी' म्हणजे डुक्कर. मुसलमान गावात, भर दुपारी, स्वतःच्या बहिणीला. मी परत येईपर्यंत ती 'ताई' झाली.

निघण्याआधी दोन महिने रोज अर्धा तास भाषेला द्या. त्यातही एक शब्द पक्का करा: 'बेलुम', म्हणजे 'अजून नाही'. लग्न झालंय? बेलुम. मुलं? बेलुम. जेवलात? बेलुम. सरळ 'नाही' म्हटलं की दार आपटल्यासारखं वाटतं. 'बेलुम' म्हटलं की पुढची शक्यता उरते. आणि हे प्रश्न विचारणारच. 'कुठे निघालात?' ही चौकशी नाही, आपल्या 'काय, कुणीकडे?' सारखंच आहे. 'जालान-जालान' म्हणायचं, म्हणजे फिरायला, की झालं. गावात घरी मात्र जावानीज बोलतात, ती वेगळी भाषा. 'मोंग्गो' (या, घ्या) आणि 'मातुर नुवुन' (आभार) एवढं आलं तरी म्हाताऱ्या खूश.

आणि हो, तुम्ही कितीही 'दारी आमेरिका', अमेरिकेहून आले, म्हणा, तुमचा चेहरा बघून मुलं 'इंडिया!' म्हणणार आणि शाहरुख खान तुमच्या शेजारी राहतो का विचारणार. मी पहिला महिना पासपोर्ट समजावण्यात घालवला. मग सोडून दिलं. गोऱ्या सोबतिणीला जे कौतुक मिळालं ते मला मिळालं नाही, आणि तिला जे प्रश्न कधी विचारले गेले नाहीत ते मला विचारले गेले. अर्जुनाची बायको श्रीकांदी कशी होती? तिथल्या वायांगमध्ये, म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळात, शिखंडीची श्रीकांदी झाली आहे, ती अर्जुनाची बायको आहे, आणि द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची. 'असं नाहीये' म्हणून वाद घालू नका. त्यांचं महाभारत हजार वर्षं त्यांचं आहे. ज्याच्याशी वाद घालाल त्या पोराचं नावच बीमा, म्हणजे भीम, असेल.

पहिले 24 तास

गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसेल: 'तामु वाजिब लापोर 1x24 जाम', पाहुण्याने 24 तासांत वर्दी द्यावी. हे तुमच्यासाठीच आहे. गल्लीचा एक प्रमुख असतो, त्याला 'पाक एर्ते' म्हणतात. यजमानांसोबत पासपोर्टची झेरॉक्स घेऊन त्याच्या घरी जा, चहा प्या. त्याला तुम्ही कोण हे माहीत असलं की गल्लीला माहीत झालं. जाताना काहीतरी खाऊ न्या. दूरवरून येणाऱ्याने 'ओलेह-ओलेह' आणायचीच असते. मी चितळ्यांची बाकरवडी नेली होती, आईने कुरियरने पाठवलेली. पाक एर्तेंनी एक खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, डबा मात्र आत गेला.

बायकांची महिन्याची भिशी असते, तिला 'आरिसान' म्हणतात. बोलावलं तर जा. रविवारी सकाळी गटार उपसायला सगळे निघतात, तेव्हा फावडं घ्या. आपल्याकडे इर्जिक म्हणतात तीच भावना, तिथे नाव 'गोतोंग रोयोंग'. महिनाभर शिकवून मिळाली नसती एवढी ओळख मला त्या एका गटाराने दिली.

न्हाणीघरात हौद आणि एक लांब दांड्याचं प्लास्टिकचं भांडं असतं. आपल्याला सांगायला नको, पण बरोबर अमेरिकन असेल तर त्याला सांगा. ओहायोच्या बाईसाहेब पहिल्या रात्री हौदात उतरून साबण लावून बसल्या. घरच्यांनी सकाळी काही न बोलता सगळं पाणी सोडलं आणि हौद घासला. हसले ते तीन महिन्यांनी.

पोट

शाकाहाऱ्यांची चंगळ आहे असं वाटतं: टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, शेंगदाण्याची चटणी घातलेली पेचेल भाजी, आणि योग्याकार्ताची शान म्हणजे गुदेग, गूळ घालून तासन्‌तास शिजवलेली कोवळ्या फणसाची भाजी. पण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, 'तेरासी' असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. आणि 'मांस खात नाही' म्हटलं की कोंबडी येते, कारण 'दागिंग' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर गाय-बैल येतात. एकेक नाव घ्या: तान्पा आयाम (कोंबडीशिवाय), तान्पा इकान (माशांशिवाय), तान्पा तेरासी. तरी कधीतरी चुकेल. मी काय केलं ते विचारू नका, आई हे वाचते.

नळाचं पाणी पिऊ नका. 19 लिटरचा 'गालोन' घरपोच येतो.

शाळेत

शाळा 7 ला भरते. पहाटे साडेचारच्या सुमाराला अजान होते आणि कोंबडे त्याआधीपासूनच सुरू असतात, त्यामुळे उशीर व्हायचं कारण नाही. वेळेची त्यांची चेष्टा तेच करतात, 'जाम कारेत', रबरी घड्याळ म्हणतात. पण ते लग्नाकार्याला. सोमवारी सकाळी झेंडावंदन असतं, उन्हात उभं राहावं लागतं. पायघोळ, खांदे झाकलेले कपडे घाला. शुक्रवारी शाळा लवकर सुटते.

मुलांच्या टोपीवर आणि टायवर एक चिन्ह असतं, त्यात 'तुत वुरी हांदायानी' लिहिलेलं. मागे राहून बळ द्यायचं, असा त्याचा अर्थ. हे वाक्य की हाजार देवांतारांचं. त्यांनी 1922 साली योग्याकार्तात 'तामान सिस्वा' ही शाळा काढली, डच अमलाखाली; त्यांचा जन्मदिवस, 2 मे, तिथे शिक्षण दिन असतो. मला पहिले दोन आठवडे मागच्या बाकावर बसायला सांगितलं तेव्हा मी मनातून चिडले होते. एवढ्या लांबून काय बाकावर बसायला आले? पण वर्गाच्या बाई खडू न उचलता, नुसत्या खिडकीजवळ जाऊन, चाळीस पोरं कशी गप्प करतात ते त्या बाकावरूनच दिसलं. तुम्हालाही बसवलं तर बसा. न बसवलं तर मागून घ्या.

'समजलं का?' असं विचारू नका. सगळे एका सुरात 'समजलं' म्हणतील, एकालाही कळलेलं नसेल. 'मालु', म्हणजे लाज, भिड, संकोच असं सगळं मिळून जे होतं ते, तिथे फार मोठं आहे. एकट्या मुलाला उभं करून प्रश्न विचारलात तर तो रडेल किंवा उद्या येणार नाही. मी चित्र काढून घ्यायचे. 'मांजर खुर्चीखाली आहे' हे इंग्रजीत वाचून वहीत काढा. कोणी मांजर खुर्चीवर काढली की मला कळायचं, आणि चूक त्या पोराच्या आणि माझ्यात राहायची. सगळ्यांदेखत रागावणं तर विसराच. आवाज चढवलेला मोठा माणूस तिथे स्वतःचीच शोभा करून घेतो.

डोक्यावरून हात फिरवायची आपली सवय आवरा. डाव्या हाताने काही देऊ नका. बोट दाखवायचं तर अंगठ्याने दाखवा, बाकीची बोटं मिटून.

खेळांना मात्र भाषा लागत नाही. 'बेकेल' हे आपले सागरगोटेच, फक्त एक गोटा उडवण्याऐवजी रबरी चेंडू उडवतात. 'एंगक्लेक' म्हणजे जमिनीवर घरं आखून लंगडी. गोट्या, पतंग, लपाछपी आहेतच. 'चोंगक्लाक'ची लाकडी पाटी आणा: दोन्ही बाजूंना सात-सात खळगे, टोकांना दोन मोठी घरं, 98 चिंचोके किंवा शिंपले. मोजणी, बेरीज, पुढचा विचार, सगळं त्यात येतं. मी सांगलीचे सागरगोटे दाखवले तेव्हा चौथीतली एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, 'बू (बाई), चेंडू कुठंय?' बिनचेंडूचं खेळून दाखवल्यावर तिने ते पाच मिनिटांत शिकून मला हरवलं.

नियम, ज्यांवर वाद नाही: मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. आपल्या स्कूटरवर मूल बसवायचं नाही. पैसे, चॉकलेटं, भेटवस्तू स्वतःच्या हाताने वाटायच्या नाहीत. आणायचंच असेल तर वर्गशिक्षकांच्या हाती द्या, आणि सगळ्यांना पुरेल असं. आईवडील आणि शाळेला विचारल्याशिवाय मुलांचा चेहरा दिसणारा फोटो कुठेही टाकायचा नाही. आणि मूल काही दुखरं सांगू लागलं, तर ऐका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि त्याच दिवशी संस्थेच्या जबाबदार माणसाला सांगा.

दुपारी साडेतीन-चारनंतर बरीच मुलं कुराण शिकायला जातात, तेव्हा वाचनालयाची वेळ त्याआधी ठेवा. रमझानमध्ये सगळं वेळापत्रक बदलतं. लहान मुलं दुपारपर्यंतचाच उपवास धरतात आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! त्यांच्यासमोर पाण्याची बाटली काढू नका. ईदला आख्खा देश आपापल्या मूळ गावी निघतो. आठ-दहा दिवस काही होणार नाही, बेतच करू नका.

ताप आला तर

थोडं काही झालं की 'मासुक आंगिन' म्हणतात, वारा भरला, आणि पाठीवर नाण्याने लाल रेघा ओढतात. मी करून घेतलं. झोप छान लागली, पुढचं माहीत नाही. पण तीव्र ताप, डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यू समजून रक्त तपासा. तोवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामोल घ्या. सरकारी आरोग्य केंद्राला 'पुस्केसमास' म्हणतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशी जाण्याआधी घ्या. बाली किंवा फ्लोरेसला जाणार असाल तर कुत्रं चावणं हलक्यात घेऊ नका, तिथे रेबीज आहे.

भूकंप झाला तर वर्गातली मुलं तुमच्याकडे बघणार नाहीत, तुम्हीच त्यांच्याकडे बघा. बांतुलमध्ये 27 मे 2006 च्या पहाटे जे झालं त्यात त्या भागात पाच हजारांहून जास्त माणसं गेली. दप्तर डोक्यावर धरून मेजाखाली जायचं, मग मैदानात, हे पहिलीतल्या पोरांना पाठ असतं. मला एका आठ वर्षांच्या मुलाने दंडाला धरून खाली ओढलं होतं.

निघताना

जायची तारीख पहिल्याच महिन्यात मुलांना सांगा आणि वर्गातल्या कॅलेंडरवर खूण करा. शेवटच्या दिवशी अचानक निरोप घेणं हा मुलांवर अन्याय आहे. शेवटचा महिना नवं काही सुरू करू नका. जे चालू आहे ते वर्गाच्या बाईंच्या हाती द्या. मी शिकवायची चित्रांची कार्डं त्यांच्याकडून करून घेतली, माझ्याकडून नाही, म्हणून ती अजून वापरात आहेत.

मग 'पामितान'. घरोघरी जाऊन, चुकलंमाकलं माफ करा म्हणून निरोप घ्यायचा. पाक एर्तेपासून सुरुवात करा, पाण्याच्या गालोनवाल्याला विसरू नका. त्याला एक दिवस पुरत नाही, दोन ठेवा, कारण प्रत्येक घरी बसावं लागतं आणि प्रत्येक घरातून केरूपुकची पिशवी मिळते. त्या पापडांना वजन नसतं, पण जागा फार लागते. बॅग अर्धी रिकामी ठेवा.

'परत कधी येणार?' हे मुलं विचारतीलच. 'पुढच्या वर्षी' असं तोंडात येईल, ते गिळा. मी म्हटलं, 'बेलुम ताहु', अजून माहीत नाही. सागरगोट्यांत हरवणारी ती मुलगी म्हणाली, 'मग हे ठेवा,' आणि बेकेलचा चेंडू माझ्या हातात दिला. माझे सागरगोटे तिने परत केले नाहीत.